स्टॉपवर कोणी नाही

सकाळी साडेचारपासून अकरापर्यंत मी पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. बसवर तिकिटं फाडणारी कुठलीही बाई तुम्हाला हेच सांगेल. आमची गाडी शहराच्या कडेला असलेल्या होक मोनच्या डेपोतून निघायची आणि चोलोनच्या बाजाराशी वळायची. रस्ता मोकळा असला तर सव्वा तास, सकाळच्या गर्दीत दोन तास, कधी त्याहून जास्त. वेळेत पोचलं तर तिथे पंधरा मिनिटं थांबायला मिळायचं. उशीर झाला की ती पंधरा मिनिटं गेली. आलात तसे वळा आणि निघा. ड्रायव्हरला ती पंधरा मिनिटं म्हणजे एक सिगारेट आणि बर्फाची कॉफी. मला म्हणजे बाजारामागचा संडास.

त्या वर्षी मला मूतखड्याचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाला, "भरपूर पाणी प्यायचं आणि अजिबात दाबून धरायचं नाही." मला हसू आलं. तो म्हणाला, "हसताय काय?" त्याला काय सांगणार?

हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला मला काहीतरी कारण हवं असतं. कारण आहे. पण ते पुरत नाही.

आमच्या रस्त्यावर गाद्यांच्या एका मोठ्या दुकानासमोर स्टॉप आहे. सकाळी तिथे कडेपर्यंत मोटारसायकलींचा लोंढा असतो, फुटपाथवरूनसुद्धा जातात. ड्रायव्हरला आपल्या जागेवरून स्टॉपवरचं काही दिसत नाही. त्याने माझ्या आवाजावर चालायचं. मी पुढच्या दारात उभी राहून "थांब" म्हटलं की थांबायचं, "चल" म्हटलं की चालायचं. माझा ड्रायव्हर फुओक माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा. सहा वर्षांत त्याने माझ्या आवाजावर कधी शंका घेतली नव्हती.

त्या स्टॉपवर रोज साडेसहाच्या सुमाराला लुआमावशी उभी असे. साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. चोलोनच्या बाजारात नाश्त्याच्या दुकानांमधून हिंडून लॉटरीची तिकिटं विकायची. शेजारच्या मुलीने तिला आमच्या बसचा नंबर लाल रंगात मोठा लिहून दिला होता. पुठ्ठ्याची ती पाटी छातीशी धरून, मान किंचित डावीकडे वळवून ती ताठ उभी राही. उजव्या कानाने तिला जास्त ऐकू यायचं.

तिला चढवायचं म्हणजे मी खाली उतरायचं, तिचा हात धरायचा, दोन पायऱ्या चढवायच्या, पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी उठवायचं. ज्याला उठवायचं तो नेमका मोबाईलमध्ये डोकं खुपसून बहिरा व्हायचा. मग मी ओरडायची, "ओ साहेब, तुमच्या आईला असंच उभं ठेवता का?" तेव्हा कुठे जागा मिळायची. यात दीड मिनिट जायचं, आणि तेवढ्यात पुढचा सिग्नल लाल.

चार वर्षं मी तिला चढवलं. स्वप्नावरून लॉटरीचा आकडा काढायचा म्हणून बसल्यावर ती विचारायची, "पोरी, रात्री स्वप्न काय पडलं?"

"मासा पडला, मावशी."

"मेलेला का जिवंत?"

"तळलेला."

"मग आकडा नाही, भूक आहे ती," असं म्हणून ती खुदकन हसायची, आणि आजूबाजूचे चारदोन जण तिच्याकडून तिकीट घ्यायचे.

तेत, आमचा नव्या वर्षाचा सण, संपला आणि त्या रस्त्यावर गटाराचं खोदकाम सुरू झालं. अर्धा रस्ता पत्रे लावून बंद केला. मग वेळापत्रक नावाचा प्रकारच उरला नाही. अर्धा अर्धा तास एकही गाडी नाही आणि मग दोन एकदम, एकीच्या शेपटाला दुसरी. पुढची गच्च भरलेली, मागची निम्मी रिकामी. बहुतेक वेळा पुढची आमची असायची आणि मागची थाकदादाची.

थाकदादा आमच्या डेपोतला सगळ्यांत जुना कंडक्टर. निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं. तोंडाचा फटकळ. डेपोत मला म्हणायचा, "दिएप, तुझी गाडी म्हणजे झाडू आहे बघ. रस्त्यावरची सगळी माणसं झाडून नेतेस. मला मागे उरते ती धूळ."

"मग तुम्ही पुढे चला ना दादा, मी धूळ खाते."

"या वयात? मला खोकला आहे."

मी पहिल्यांदा लुआमावशीला सोडून पुढे गेले, ते असंच. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, दहा मिनिटं उशीर झाला होता, पोटात खालच्या बाजूला सुया टोचत होत्या, आणि मागच्या सिग्नलवर थाकदादाची गाडी मला दिसत होती. मी मनात म्हटलं, मागची घेईल, त्यात बसायलाही मिळेल तिला. फुओकने विचारलं, "ताई, थांबू?" मी म्हटलं, "कोणी नाही. चल."

त्या दिवशी मला बाजारामागे जायला सात मिनिटं मिळाली.

पुढच्या आठवड्यात दोनदा, मग तीनदा. मग मागे दुसरी गाडी दिसते का हे बघणंही मी सोडलं. त्या स्टॉपच्या आधी मी तिकिटांची वही उघडायची, मान खाली घालायची आणि म्हणायची, "कोणी नाही." उशीर नसला त्या दिवशी तिला घ्यायचीसुद्धा, आणि तेव्हा जरा जास्तच गोड बोलायची. ती म्हणायची, "पोरी, किती दिवसांनी तुझी गाडी मिळाली." मी म्हणायची, "काय करणार मावशी, खोदलंय ना सगळीकडे."

तो गुरुवार होता. पावणेसातला आम्ही गाद्यांच्या दुकानाशी आलो. पुढे एक ट्रक पत्र्यांमध्ये अडकला होता, त्यामुळे आमची गाडी स्टॉपच्या समोरच मिनिटभर जागच्या जागी उभी राहिली. दार बंद होतं, वरची काच उघडी होती. मावशी माझ्यापासून चार हातांवर. पाटी धरलेली. गाडीचा आवाज तिने ओळखला होता, चेहरा अगदी माझ्याकडे होता. फुओक म्हणाला, "ताई, उभेच आहोत. दार उघडू का? आहे कोणी?"

मी तिच्याकडे बघत म्हटलं, "कोणी नाही."

ट्रक सुटला. गाडी हलली. मी आत वळले. मागे कडेला काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, बाटल्यांचा क्रेट पडावा तसा, आणि कुणीतरी ओरडलं. मी वळून पाहिलं नाही. सकाळच्या वेळी रस्त्यावर काही ना काही आपटतच असतं.

डेपोत संध्याकाळी कळलं. गाडी हलतेय हे ऐकून मावशी हात पुढे करून फुटपाथवरून खाली उतरली होती, आणि कडेने येणाऱ्या मोटारसायकलने तिला उडवलं होतं. उजवं मनगट मोडलं, गुडघ्याला मार लागला. स्टॉपवर कॉफीची गाडी लावणाऱ्या बाईने तक्रार केली: पावणेसातच्या सुमाराला बस न थांबता गेली, बाई त्यामुळे पडली. कोणती बस, ते तिला सांगता येईना. चार मिनिटांच्या आत आमच्या दोन गाड्या तिथून गेल्या होत्या.

आम्हाला चौघांना बोलावलं. नियेमसाहेब आमच्या लाईनवर देखरेख करणारे. त्यांच्यासमोर गाड्यांमधल्या यंत्रांचे कागद होते. कुठली गाडी कुठे किती वेळ थांबली ते त्यावर उमटतं. आमची गाडी त्या स्टॉपवर मिनिटभर थांबल्याचं कागद सांगत होता. थाकदादाची थांबलीच नव्हती.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही थांबलात. दार उघडलं?"

मी म्हटलं, "हो. कोणी चढलं नाही."

फुओकने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "हो, उभे होतो आम्ही."

"आणि तुम्ही, थाक?"

थाकदादा उठून उभा राहिला. "साहेब, तिथे घोळका दिसला. वाटलं, नेहमीसारखे दोन मोटारसायकलवाले एकमेकांवर आदळले असतील. उशीर झाला होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, जाऊ दे."

"ती बाई तेव्हा पडलेली होती की उभी होती?"

"कसं सांगू? मी बघितलंच नाही नीट." त्याने टोपी काढून हातात घेतली. "उभी असेलही. मला वाटलं असेल, पुढची गाडी तिला घेऊन गेली. मी बघायला पाहिजे होतं."

त्याने नुसतं "ती पडलेली होती" म्हटलं असतं तरी सुटला असता. पण जे पाहिलं नाही ते त्याच्या तोंडी येईना. मी शेजारी बसून होते. माझ्या तोंडी जे पाहिलं होतं तेही येईना.

त्याला बसवरून काढून गाड्या धुवायच्या कामाला लावलं. बाहेर आल्यावर फुओकने मला विचारलं, "ताई, ती होती ना तिथे?"

"मला दिसली नाही."

"बरं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या आवाजाची वाट बघेनासा झाला. प्रत्येक स्टॉपवर स्वतःच गाडी कडेला घ्यायचा, थांबायचा, दार उघडायचा. आम्हाला रोज उशीर व्हायला लागला. मी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

रोज पहाटे डेपोत शिरताना धुण्याची जागा लागायची. रबरी बूट घालून, पाठ वाकवून थाकदादा चाकांवर पाणी मारत असायचा. मी हाक मारली की हात वर करायचा. विनोद करणं त्याने सोडलं होतं. माझ्याशी एकदाच बोलला. म्हणाला, "दिएप, तू तिला ओळखायचीस ना? भेटलीस तर सांग, थाकने बघितलं नाही, चुकलं त्याचं. मला जायला धीर होत नाही." मी मान हलवली.

असे तीन महिने गेले. शेवटी एका रविवारी कॉफीवालीकडून पत्ता घेतला. संत्री घेतली, दुधाचे डबे घेतले. जाताना मनाशी ठरवलं होतं की नाव सांगायचं नाही. विचारपूस करायची, पिशवी ठेवायची, निघायचं. तिला थोडंच दिसणार आहे?

एका शेवया करणाऱ्याच्या घरामागे तिची खोली होती. मावशी दाराजवळ चटईवर बसली होती. प्लास्टर निघालं होतं. रबराचा एक चेंडू उजव्या हातात धरून ती दाबत होती. बोटं निम्मीच मिटत होती.

"कोण?"

मी म्हटलं, "बसवर असते मी. तुमचं ऐकलं, म्हटलं बघून यावं."

चेंडू दाबणं थांबलं. "दिएप ना तू? बस. डाव्या हाताला स्टूल आहे."

मी बसले. संत्र्यांची पिशवी मांडीवरच राहिली.

"त्या दिवशी मी तुझा आवाज ऐकला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, काल काय जेवलो ते सांगावं तसं सांगत होती. "किती दिवसांनी आली दिएपची गाडी, म्हटलं. पाटी वर केली. तू म्हणालीस, कोणी नाही. मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाविषयी बोलतेस. मग गाडी हलली. म्हटलं, गर्दीत मी दिसले नसेन हिला. म्हणून पुढे झाले, हात केला."

तिने मला वाट करून दिली होती. नुसतं "हो मावशी, गर्दी होती" म्हणायचं होतं.

"दिसला होतात तुम्ही," मी म्हटलं.

शेवयांचं यंत्र भिंतीपलीकडे घरघरत होतं. तिने चेंडू चटईवर ठेवला.

"त्याच्या आधीही?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. पुष्कळदा."

ती हळूच म्हणाली, "मी शेजारच्या पोरीशी भांडले होते गं. मी तिला सांगायचे, ही लाईन फार बेभरवशाची झाली, अर्धा अर्धा तास गाडीच येत नाही. ती म्हणायची, येतात की आजी, मी शाळेत जाताना बघते. मी म्हटलं, तुला डोळे आहेत म्हणून तू शहाणी झालीस का? आठ दिवस बोलले नाही तिच्याशी."

मी विचारलं, "तुम्ही ऑफिसच्या लोकांना का नाही सांगितलंत माझं नाव?"

"आलं कोण विचारायला? कॉफीवालीला विचारलं. मला काय विचारणार? आंधळीने काय पाहिलं असणार?"

तेव्हा मी तिला थाकदादाचं सांगितलं. सगळं. कागद, टोपी, रबरी बूट. आतापर्यंत ती शांत होती. आता तिचा चेहरा लाल झाला.

"थाक? तो बोलण्याआधी खांद्याला हात लावून नाव सांगायचा, मी दचकू नये म्हणून. त्याच्यावर घातलंस तू? आणि तीन महिने गप्प?"

मी मांडीवरची पिशवी चाळवली.

"पिशवीत काय आहे?"

"संत्री."

"उचल. मला नकोत. माझ्यापुढे रडू नकोस, मला ऐकू येतं. जिथे बोलायचं होतं तिथे जाऊन बोल."

सोमवारी सकाळची फेरी संपवून मी नियेमसाहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं, पंखा कमी केला, दार लावलं.

"दिएपताई, ते प्रकरण मिटलंय. कागद वर गेलेत. थाकही गप्प आहे. आता हे मला कशाला सांगता?"

"लिहून घ्या साहेब."

"नोकरी जाईल तुमची, कळतंय ना?"

"लिहून घ्या."

त्यांनी कागद ओढला. लिहिता लिहिता थांबले. भला माणूस. म्हणाले, "तुम्हाला मूतखड्याचा त्रास आहे ना? ते लिहू का? मधे उठायलाच मिळत नाही, असं. वरच्यांना जरा बरं दिसेल."

"लिहा," मी पटकन म्हटलं. त्यांनी अर्धी ओळ लिहिली. मग मीच म्हटलं, "नको. खोडा ते. डेपोतल्या सगळ्याच बायकांना त्रास आहे." त्यांनी ती ओळ खोडली. पण मी आधी हो म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात आहे.

ऑफिसातून मी सरळ धुण्याच्या जागेवर गेले. थाकदादा एका गाडीच्या चाकावर पाणी मारत होता. मी त्याला उभ्या उभ्या सांगितलं. त्याने पाईप खाली टाकला नाही, पाणी बंद केलं नाही. त्याच चाकावर मारत राहिला. चाक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"बायकोला सांगितलं मी," तो म्हणाला, "की माझ्यामुळे एका आंधळ्या बाईचा हात मोडला. देवळात जाऊन सांगितलं. लेकीला सांगितलं. तीन महिने मला झोप नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "तू रोज समोरून जायचीस. तू मला फुकटचा अपराधी केलंस, दिएप."

"दादा, मी—"

"जा आता. चिखल उडेल."

मला सहा महिने बसवरून उतरवलं, नोकरी तेवढी राहिली. ते सहा महिने मी डेपोतली फरशी पुसली. तिथे हवं तेव्हा पाणी पिता यायचं, हवं तेव्हा उठता यायचं. माझा त्रास कमी झाला, आणि त्याचीही मला लाज वाटायची. थाकदादाला परत गाडीवर घेतलं. उरलेले सात महिने त्याने काढले आणि निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्यांना सिगारेटी वाटल्या, फुओकला मिठी मारली. माझ्यासमोरून जाताना टोपी सारखी केली.

लुआमावशीची बोटं पुरती मिटलीच नाहीत. मी आणखी दोनदा गेले. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा खोलीला कुलूप होतं. शेवयावाला म्हणाला, बेन त्रेला भावाकडे गेली, तिथे तिला रस्ता ओलांडावा लागत नाही.

मी बसवर परत आले. खोदकाम संपलंय, पत्रे गेलेत. गाड्या मात्र अजूनही जोडीनेच येतात, का ते कुणाला सांगता येत नाही. फुओक आता दुसऱ्या गाडीवर असतो. माझ्या नवीन ड्रायव्हरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझं ऐकू नकोस, प्रत्येक स्टॉपवर थांब. तो हसला. उशीर झाला की माझ्यावर चिडतो.

मागच्या महिन्यात सकाळच्या गर्दीत थाकदादा गाडीत चढला. केस पूर्ण पांढरे झालेत. मी एका विद्यार्थ्याला उठवलं. "बसा, दादा."

"उभा राहतो." त्याने तिकिटाचे पैसे पुढे केले.

"तुम्हाला कशाला तिकीट? जुन्या लोकांना पास असतो."

"फाड," तो म्हणाला.

मी तिकीट फाडून दिलं. त्याने ते घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं आणि दांडी धरून बाहेर बघत राहिला. पुढचे तीन स्टॉप तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला पुष्कळ बोलायचं होतं. मी मागे जाऊन इतरांची तिकिटं फाडली.

इस्पितळापाशी उतरताना तो पायरीवर थांबला. "मागचं डावं चाक आवाज करतंय," तो म्हणाला. "डेपोत सांग, नट बघायला. आजच सांग."

"सांगते, दादा."

तो उतरला, मोटारसायकलींना हात करत कडेला गेला. संध्याकाळी मी डेपोत तसं लिहून दिलं, आणि मिस्त्री गाडीखाली शिरून नट आवळेपर्यंत तिथेच उभी राहिले.